फोटो एडिटिंग करताना रंग चुकीचे आणि काळा विचित्र दिसतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो उघडला आणि रंग भलतेच दिसले, की हात थेट सॅच्युरेशनच्या स्लायडरकडे जातो. तो हात आवरावा, एवढ्यासाठीच हे पान लिहिलं आहे. बिघाड फाइलमध्ये आहे, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे की मॉनिटरमध्ये, हे कळायच्या आधी फोटोत फेरफार केले तर चांगली फाइल खराब होते आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे राहतो.

उदाहरणं मुख्यतः फोटोशॉप, गिंप आणि क्रिता यांची घेतली आहेत. कीबोर्डच्या कळी विंडोजच्या दिल्या आहेत. मॅक वापरणाऱ्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन दाबून बघावं.

बिघाड नेमका कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

डोळ्यांवर विसंबू नका, आकडे वाचा. फोटोशॉपमध्ये एफ८ दाबलं की इन्फो पॅनेल उघडतं. माउस फोटोवर फिरवाल तसे त्या त्या जागेचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे तिथे दिसतात. गिंपमध्ये हेच काम पॉइंटर नावाचं पॅनेल करतं. ८ बिटच्या फाइलमध्ये शुद्ध काळा म्हणजे ०, ०, ० आणि शुद्ध पांढरा म्हणजे २५५, २५५, २५५. तिन्ही आकडे सारखे असतील तर तो राखाडी, कुठल्याही रंगाची झाक नसलेला.

आता समजा, केसांचा काळा भाग तुम्हाला फिकट, धुरकट दिसतोय. आकडे ०-०-० च्या आसपास असतील तर फाइल ठणठणीत आहे. गडबड फाइल आणि तुमचा डोळा यांच्या मधल्या वाटेवर कुठेतरी आहे. आकडेच ३५-३५-३५ दाखवत असतील तर फाइलमधलाच काळा उचलला गेलाय, आणि तेव्हा लेव्हल्स (काळा आणि पांढरा जागेवर आणणारी सोय) उघडायला हरकत नाही. आयड्रॉपर, म्हणजे रंग टिपणाऱ्या टूलचा सॅम्पल साइज मात्र एका पिक्सेलवर ठेवू नका. ५ बाय ५ ची सरासरी घ्या, नाहीतर नॉइजचा एखादा ठिपका फसवतो.

दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर बघा. बिघाड तिथेही तसाच दिसला तर तो सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे. तिथे सगळं नीट दिसलं तर संशय मॉनिटर, केबल आणि नाइट लाइटसारख्या (रात्री पडदा पिवळसर करणाऱ्या) सोयींवर घ्या, कारण त्यांचा परिणाम सहसा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही.

पुढचं सगळं या दोन चाचण्यांवर उभं आहे. त्या वगळून खालची उत्तरं वाचली तर अंदाजाने गोळ्या घेतल्यासारखं होईल.

लाल निवडा, निळा निवडा, ब्रश राखाडीच उमटतो. का?

मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. तुम्ही रंग जिथे लावताय तिथे रंगाला जागाच नसते.

बहुतेक वेळा लेयरऐवजी (चित्राच्या थराऐवजी) लेयर मास्क निवडलेला असतो. मास्कला फक्त काळा, पांढरा आणि मधले राखाडी समजतात. काळा म्हणजे लपव, पांढरा म्हणजे दाखव. त्यामुळे मास्क निवडला की रंगांचे दोन्ही चौकोन आपोआप राखाडी होतात. लेयर्स पॅनेलमध्ये मास्कच्या छोट्या चित्राभोवती चौकट दिसते आणि फाइलच्या नावाच्या पट्टीत लेयर मास्क असं लिहिलेलं असतं. शेजारच्या, म्हणजे खुद्द लेयरच्या चित्रावर क्लिक केलं की काम झालं. चुकून क्यू दाबून क्विक मास्क सुरू झाला असेल तरी असंच होतं, फक्त तेव्हा ब्रशचे फटकारे अर्धपारदर्शक लाल दिसतात. पुन्हा क्यू दाबा.

मास्क नसेल तर इमेज मेन्यूतला मोड बघा. तिथे ग्रेस्केलवर खूण असेल तर अख्खी फाइलच कृष्णधवल आहे. आरजीबी (लाल-हिरवा-निळा) निवडलं की नवे रंग लावता येतील. पण आधी गेलेले रंग त्याने परत येत नाहीत, त्यासाठी मूळ फाइलच लागते.

तिसरी जागा चॅनेल्स पॅनेल. तिथे फक्त लाल किंवा फक्त हिरवा चॅनेल निवडलेला राहिला तर चित्र कृष्णधवल दिसतं आणि ब्रश तेवढ्याच चॅनेलवर चालतो. सर्वात वरच्या आरजीबीच्या ओळीवर क्लिक करा. आणि कलर पॅनेलमध्ये एकच पट्टी दिसत असेल, तर त्या पॅनेलच्या मेन्यूत ग्रेस्केल स्लायडर निवडलेला आहे. तिथे आरजीबी किंवा एचएसबी स्लायडर करा.

राखाडी नाही, पण मी निवडलेल्या रंगाऐवजी जवळचा कुठलातरी रंग उमटतो.

फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये आहे. जीआयएफ आणि काही पीएनजी फाइली अशाच उघडतात. त्यात जास्तीत जास्त २५६ रंगांचा ठरलेला संच असतो, आणि तुमचा रंग त्यात नसेल तर सॉफ्टवेअर त्यातला सर्वात जवळचा उचलतं. मोड बदलून आरजीबी करा.

काळा ब्रश फिरवतो, पण काहीच उमटत नाही.

आधी ब्लेंड मोड, म्हणजे वरचा रंग खालच्यात कसा मिसळतो ते बघा, ब्रशचाही आणि लेयरचाही. स्क्रीन किंवा लाइटन मोडमध्ये काळ्याचा परिणाम शून्य असतो. हे मोड चित्र फक्त उजळ करतात आणि काळ्याकडे उजळवण्यासारखं काही नसतं. मल्टिप्लायमध्ये पांढऱ्याची गत तीच. दोन्हीकडे नॉर्मल करून बघा.

मग ओपॅसिटी आणि फ्लो, म्हणजे ब्रशचा रंग किती दाट उमटतो ते. चुकून एखादा आकडा दाबला गेला तर ब्रशची ओपॅसिटी गुपचूप कमी होते. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना १ दाबलं की १०% आणि ० दाबलं की १००%. तरीही काही उमटत नसेल तर कुठेतरी निवड राहून गेलेली असते आणि कंट्रोल-एचमुळे तिच्या हलत्या रेषा दिसत नसतात. कंट्रोल-डी दाबा. रिकाम्या लेयरवर पारदर्शक पिक्सेलचं कुलूप लागलेलं असलं तरीही काही उमटत नाही.

अख्खा कॅनव्हास काळा झाला. माझं काम गेलं का?

घाबरून फाइल बंद करू नका, आणि त्याच नावाने घाईने सेव्हही करू नका. लेयर्स पॅनेलमधली छोटी चित्रं बघा. ती नीट दिसत असतील तर काम सहसा शाबूत आहे.

सर्वात निरुपद्रवी शक्यता आधी तपासा. मास्कवर ऑल्ट धरून क्लिक केलं की फोटोशॉप फोटोऐवजी मास्कच कॅनव्हासवर दाखवतं. मास्क पूर्ण काळा असेल तर सगळंच काळं. पुन्हा ऑल्ट-क्लिक केलं की फोटो परत येतो. मी स्वतः एकदा एवढ्यासाठी तासभर ड्रायव्हर काढत-घालत बसलो होतो. तेव्हापासून ही शक्यता मी पहिल्यांदा तपासतो.

मास्कचा प्रश्न नसेल, आणि झूम केल्यावर चित्र क्षणभर चमकून पुन्हा काळं होत असेल किंवा काळे चौकोनी तुकडे दिसत असतील, तर दोष ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरकडे जातो. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स उघडा, यूज ग्राफिक्स प्रोसेसरवरची खूण काढा आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. चित्र दिसू लागलं तर निदान पक्कं. पण तिथेच थांबू नका, कारण त्या सोयीशिवाय सॉफ्टवेअर मंदावतं आणि काही फिल्टर, काही टूल्स चालतच नाहीत. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घ्या आणि खूण परत लावा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरसाठी जास्त ताकदीची चिप ठरवून द्या.

क्रितामध्ये हीच दुरुस्ती सेटिंग्जच्या डिस्प्ले विभागात होते. विंडोजवर तिथे ओपनजीएल किंवा डायरेक्ट३डी ११ हे पर्याय असतात. एकाने कॅनव्हास काळा येत असेल तर दुसरा निवडून बघा.

फोटो ठीक आहे, पण त्याच्या भोवतीची जागा काळी झाली.

एफ दाबलं गेलं असेल. फोटोशॉपमध्ये त्याने फुल स्क्रीनचे प्रकार बदलतात. एफ दाबत राहा, नेहमीचं दृश्य परत येईल. नुसता भोवतीचा रंग बदलायचा असेल तर त्या जागेवर राइट-क्लिक करा. काळ्या पार्श्वभूमीवर फोटोतल्या सावल्या आहेत त्यापेक्षा उजळ भासतात, म्हणून मी मध्यम राखाडीच ठेवतो.

काम चालू असताना रंग एकदम मळकट झाले. मी तर काहीच केलं नाही.

बहुधा कंट्रोल-वाय दाबलं गेलंय. गिंपमध्ये आणि ऑफिसच्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये ही कळ रीडूची आहे, म्हणून बोटांना तिची सवय असते. फोटोशॉप आणि क्रितामध्ये मात्र तीच कळ सॉफ्ट प्रूफिंग सुरू करते, म्हणजे छपाईनंतर फोटो कसा दिसेल त्याची पडद्यावरची नक्कल. छापील शाईला पडद्यावरचे झळाळते निळे-हिरवे जमत नाहीत, त्यामुळे तेच आधी विझतात. फाइलच्या नावाच्या पट्टीत आरजीबी/८ नंतर आणखी एक तिरकी रेघ आणि सीएमवायके (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाया) दिसत असेल तर कारण हेच. पुन्हा कंट्रोल-वाय दाबा. फाइलला काहीही झालेलं नाही. या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये रीडूसाठी कंट्रोल-शिफ्ट-झेड आहे.

कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं गेलं असेल तर फोटोवर जागोजागी सपाट राखाडी डाग पडतात. ती गॅमट वॉर्निंग, म्हणजे छपाईत न बसणाऱ्या रंगांची खूण. तीही त्याच कळीने जाते.

काळ्या भागांवर निळे आणि उजळ भागांवर लाल डाग दिसतात.

हे अडोबीच्या लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. निळा म्हणजे तिथे सावली पूर्ण बुजली, लाल म्हणजे उजेड पूर्ण फुटला. लाइटरूममध्ये जे, कॅमेरा रॉमध्ये यू आणि ओ दाबून ही सूचना चालू-बंद होते. निर्यात केलेल्या फाइलमध्ये हे डाग येत नाहीत.

तोच फोटो एडिटरमध्ये वेगळा, ब्राउझरमध्ये वेगळा आणि फोनवर तिसराच दिसतो. खरा कुठला?

इथे जरा थांबून वाचा, कारण रंगांच्या निम्म्या तक्रारी यातूनच येतात.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. नुसतं १०० म्हटलं तर विचाराल, फूट की मीटर? तसंच ०-२५५-० म्हणजे हिरवा हे खरं, पण कोणता हिरवा, हे त्या आकड्यांना जोडलेलं प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी हे माप एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. वेबवर आजही तेच गृहीत धरलं जातं. अडोबी आरजीबी हे १९९८ चं. त्यातला हिरवा एसआरजीबीच्या हिरव्यापेक्षा बराच गडद आणि शुद्ध असतो. प्रोफोटो त्याहूनही मोठं, इतकं की त्यातले काही आकडे माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या कुठल्याच रंगाचे नसतात. आयफोन २०१६ च्या आयफोन ७ पासून डिस्प्ले पी३ नावाच्या, एसआरजीबीपेक्षा मोठ्या मापात फोटो काढतात.

अडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइल न जोडता बाहेर गेली, की समोरचं सॉफ्टवेअर तिला एसआरजीबी समजतं. मीटरचे आकडे फुटाने वाचल्यावर खोली लहान भासते, तसे रंग फिके आणि निर्जीव दिसतात. चेहऱ्याची लाली आधी जाते.

उलट प्रकार मॉनिटरमुळे होतो. वाइड गॅमट, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणाऱ्या मॉनिटरवर प्रोफाइल न पाळणारं सॉफ्टवेअर आकडे जसेच्या तसे पडद्याकडे ढकलतं, आणि साधा टोमॅटो निऑनसारखा पेटतो. एडिटर त्याच पडद्यावर बरोबर दाखवत असतो आणि लोक नेमकं त्यालाच फिकं म्हणून दोष देतात.

तेव्हा खरा कुठला? ज्या सॉफ्टवेअरने फाइलचं प्रोफाइल वाचलं आणि मॉनिटरचं प्रोफाइलही पाळलं, त्यातला. वेबसाठी किंवा फोनवर पाठवण्यासाठी निर्यात करताना एसआरजीबीत रूपांतर करा आणि प्रोफाइल एम्बेड करण्याची खूण लावा. या दोन खुणा मी कधीच काढत नाही.

फोटोशॉपमध्ये नावाच्या पट्टीत आकड्यापुढे # दिसलं तर फाइलला प्रोफाइलच नाही. * दिसलं तर प्रोफाइल आहे, पण तुमच्या वर्किंग स्पेसपेक्षा, म्हणजे फोटोशॉपमध्ये ठरवलेल्या नेहमीच्या प्रोफाइलपेक्षा वेगळं आहे. दुसऱ्यात घाबरण्यासारखं काही नाही.

असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल, दोन्हीपैकी कुठलं वापरू?

असाइनमध्ये आकडे तेच राहतात, माप बदलतं, म्हणून रंग बदलतात. कन्व्हर्टमध्ये रंग शक्य तितके तेच ठेवून आकडे बदलले जातात. तुमच्याकडे आलेल्या फाइलला प्रोफाइलच नसेल किंवा चुकीचं चिकटवलेलं असेल, तर असाइन. बाकी प्रत्येक वेळी कन्व्हर्ट. वेबसाठी म्हणून असाइन वापरून फोटो मारलेले मी इतके पाहिले आहेत, की नव्या माणसाला त्या पर्यायापासून लांबच राहायला सांगतो.

एडिटरमध्ये पांढरा पिवळट दिसतो, बाकी सगळीकडे पांढराच आहे.

आकडे वाचा. २५५-२५५-२५५ असूनही पिवळट दिसत असेल तर विंडोजमध्ये मॉनिटरचं चुकीचं किंवा बिघडलेलं प्रोफाइल बसलंय. मॉनिटरच्या ड्रायव्हरबरोबर ते कधी कधी आपोआप येतं. बाकीची सॉफ्टवेअर ते वाचतच नाहीत, म्हणून तिथे सगळं ठीक वाटतं. एडिटर इमानाने वाचतो, म्हणून तो तोंडघशी पडतो.

स्टार्टमध्ये कलर मॅनेजमेंट शोधा. डिव्हायसेसच्या टॅबमध्ये तुमचा मॉनिटर निवडा आणि या मॉनिटरसाठी माझी सेटिंग वापरा, या अर्थाच्या चौकोनात खूण करा. मग अ‍ॅड दाबून यादीतलं एसआरजीबी आयईसी६१९६६-२.१ जोडा आणि ते डीफॉल्ट करा. एडिटर बंद करून पुन्हा उघडा. साध्या मॉनिटरसाठी एवढं पुरतं. वाइड गॅमट मॉनिटरला मात्र हा तात्पुरता टेकू आहे, तिथे त्याच मॉनिटरवर मोजून बनवलेलं प्रोफाइल हवं.

गिंपमध्ये प्रेफरन्सेसच्या कलर मॅनेजमेंटमध्ये सिस्टीमचं मॉनिटर प्रोफाइल वापरण्याचा पर्याय आहे. दोष प्रोफाइलचाच आहे का, हे तो चालू-बंद करून लगेच कळतं.

काळा कुठेच काळा दिसत नाही, सगळीकडे राखाडी धुकं.

फक्त एडिटरमध्येच नाही, डेस्कटॉपवरही तसंच असेल तर एचडीएमआय केबलची वाट तपासा. टीव्हीच्या जगात काळा १६ पासून आणि पांढरा २३५ पर्यंत धरायची पद्धत आहे, संगणकात ० ते २५५. ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ पाठवतं, मॉनिटर ० ची वाट बघत बसतो, आणि १६ म्हणजे त्याच्या लेखी राखाडी. ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज फुल करा. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतही ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज नावाचा पर्याय असतो. दोन्हीकडे एकच गोष्ट ठरलेली हवी. एका बाजूला फुल आणि दुसऱ्या बाजूला लिमिटेड राहिलं तर एक तर हे धुकं येतं, नाहीतर सावल्यांतला सगळा तपशील काळ्यात बुडतो.

विंडोजमध्ये एचडीआर चालू असेल तर तेही बंद करून बघा. साधे फोटो त्यात बऱ्याच मॉनिटरवर फिके पडतात.

आणि एक मर्यादा यंत्राचीच आहे. आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, साधारण १०००:१ असतो. मागचा दिवा सतत चालू असल्याने अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडीच दिसणार. ओलेड पडद्यावर काळा पिक्सेल चक्क विझतो. फोनवर काळाकुट्ट दिसणारा फोटो मॉनिटरवर धुरकट वाटण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. असा फरक फोटो गडद करून भरून काढायला जाऊ नका.

छपाईसाठी १००% काळा दिला, तरी तो पडद्यावर गडद राखाडी का दिसतो?

कारण सॉफ्टवेअर खरं सांगतंय. नुसती काळी शाई कागदावर खरोखरच पूर्ण काळी दिसत नाही. स्वॉप या अमेरिकेतल्या छपाईच्या प्रोफाइलमध्ये सी, एम, वाय शून्य आणि के १०० असा काळा आरजीबीत ३५-३१-३२ होतो. उलट दिशेने, आरजीबीतला ०-०-० त्याच प्रोफाइलने सीएमवायकेत नेला की ७५-६८-६७-९० असे चार आकडे येतात. बेरीज बरोबर ३००%, आणि त्या प्रोफाइलची शाईची कमाल मर्यादाही तेवढीच आहे.

दोन्ही काळे एकाच पानावर शेजारी आले की छपाईत फरक उघडा पडतो. फोटोची काळी पार्श्वभूमी आणि तिला चिकटून घातलेला काळा पट्टा यांच्यात शिवण दिसते. पडद्यावर ती दिसायला हवी, पण अनेकांच्या मशीनवर दिसत नाही. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स ऑफ ब्लॅक असा विभाग आहे. तिथे सगळे काळे रिच ब्लॅकसारखे (अनेक शायांच्या गडद काळ्यासारखे) दाखव, असं ठरवलेलं असेल तर फरक झाकला जातो. पडद्यासाठी आणि निर्यातीसाठी तिथे दोन वेगळे पर्याय आहेत. दोन्ही अचूक दाखवण्यावर ठेवा. पान पडद्यावर जरा फिकं दिसेल, पण छापून आल्यावर धक्का बसणार नाही.

कुठे कुठला काळा वापरायचा? मजकुराला, विशेषतः बारीक मजकुराला, नुसता के १००. चार शायांत अक्षर छापलं आणि एक प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. मोठ्या सपाट काळ्या भागाला रिच ब्लॅक, म्हणजे काळ्याखाली बाकीच्या शायांचा थर. ६०-४०-४०-१०० हे नेहमी वापरलं जाणारं मिश्रण, बेरीज २४०%. पण शाईची मर्यादा कागदाप्रमाणे बदलते, न्यूजप्रिंटला ती बरीच कमी असते, म्हणून आकडा प्रेसला विचारूनच ठरवा. आणि चारही शाया १०० ठेवून ४००% चा काळा कधीही देऊ नका. तो वाळत नाही, मागच्या पानाला लागतो.

प्रिंट पडद्यापेक्षा काळपट येते.

पडदा जास्त उजळ ठेवलाय, दहापैकी नऊ वेळा. पुढच्याच उत्तरात त्याचा आकडा आहे. उरलेल्या वेळा रंगांची व्यवस्था दोनदा होते, एकदा एडिटरमध्ये आणि एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. प्रिंट करताना फोटोशॉप मॅनेजेस कलर्स निवडलं असेल तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा.

कॅलिब्रेशनला खर्च करायलाच हवा का? नुसत्या डोळ्यांनी नाही जमणार?

डोळा काही मिनिटांत कुठल्याही पांढऱ्याला पांढरा मानू लागतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी केलेलं कॅलिब्रेशन मी धरत नाही. एकदा रात्री उशिरा मी एका लग्नातल्या फोटोंचे रंग लावले. संगणकाचा नाइट लाइट आपोआप सुरू झाला होता आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. सकाळी तेच फोटो उघडले तर सगळे चेहरे निळसर पडलेले होते. पडद्याचा पिवळेपणा मी फोटोतून काढत बसलो होतो. सगळं काम पुन्हा करावं लागलं.

त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी फुकटातलं आधी करा. नाइट लाइट, ट्रू टोन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस, सगळं बंद. मॉनिटरचा एसआरजीबी मोड असेल तर तो लावा. मॉनिटर अर्धा तास तापू द्या.

मग जमेल तेव्हा कलरीमीटर घ्या. मॉनिटरवर टेकवायचं हे छोटं यंत्र पडद्याचे खरे रंग मोजून प्रोफाइल बनवतं. त्यासाठी डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअरही आहे. लक्ष्य म्हणून पांढरा डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० ते १२० कँडेला दर चौरस मीटरला ठेवा. मॉनिटर विकत आणल्यावर सहसा याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतो. अशा पडद्यावर तुम्ही फोटो गडद करता, आणि मग प्रिंट काळपट येते.

आभाळात आणि सावल्यांत पट्टे दिसतात.

आधी झूम १००% करा. कमी झूमवर एडिटर घाईत काढलेलं चित्र दाखवतो आणि त्यात नसलेले पट्टे दिसू शकतात. १००% वरही असतील तर फाइल ८ बिटची आहे का बघा. तिथे दर चॅनेलला २५६ च पायऱ्या असतात, आणि जोरदार कर्व्ह लावला की त्या ताणल्या जाऊन मध्ये फटी पडतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) पुन्हा १६ बिटमध्ये उघडून एडिट करा. ८ बिटची फाइल नुसती १६ मध्ये बदलली तर गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत, पुढचं नुकसान तेवढं टळतं. फोटो चांगला असून पट्टे दिसत असतील तर पडदा ६ बिटचा असू शकतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये असे पडदे असतात.

पारदर्शक पार्श्वभूमी सेव्ह केल्यावर काळी होते.

जेपेगमध्ये पारदर्शकता नसतेच. ती जागा काही सॉफ्टवेअर पांढऱ्याने भरतात, काही काळ्याने. पीएनजी किंवा वेबपी करा. पीएनजीही काळी दिसत असेल तर बघणाऱ्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी काळी आहे का तपासा. डार्क थीममध्ये पारदर्शक जागेवर काळी अक्षरं नाहीशी होतात, आणि लोगो बिघडला असं वाटतं.

गिंपमध्ये खोडरबर पारदर्शकतेऐवजी रंगच उमटवत असेल तर लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकता साठवणारी जागा नाही. लेयर मेन्यूत ट्रान्सपरन्सीखाली अ‍ॅड अल्फा चॅनेल आहे.

जेपेग उघडली तर निगेटिव्हसारखी उलटी दिसते.

ती सीएमवायके जेपेग आहे. अडोबीची सॉफ्टवेअर अशा फाइलमध्ये शाईचे आकडे उलटे लिहितात, आणि हे न जाणणारं सॉफ्टवेअर काळ्याला पांढरा समजतं. फोटोशॉपमध्ये उघडून एसआरजीबीत कन्व्हर्ट करा.

आकडे सारखे आहेत, तरी दोन राखाडी मला वेगळे दिसतात.

तुमची नजर ठीक आहे. एमआयटीतल्या एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ मध्ये बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र केलं. त्यात सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन यांचा राखाडी अगदी एकच आहे, पण हे माहीत असूनही ते सारखे दिसत नाहीत. मेंदू रंग शेजाऱ्याशी तुलना करूनच ठरवतो. फोटोतही गडद लाल साडीशेजारचा राखाडी हिरवट भासतो. अशा वेळी इन्फो पॅनेलचं ऐका, आणि एडिटरची थीम राखाडी ठेवा.

सगळं करून पाहिलं, तरी रंग बिघडलेलेच.

आता प्रेफरन्सेस रीसेट करा. फोटोशॉप सुरू होत असताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र धरून ठेवा आणि विचारल्यावर होकार द्या. कलर सेटिंग्ज, स्वतः ठरवलेल्या कळी आणि वर्कस्पेस त्यात पुसले जातात, म्हणून त्यांची प्रत आधी बाजूला काढा. त्यानंतर संगणकावर नवं युजर अकाउंट करून त्यात तीच फाइल उघडा. तिथे रंग बरोबर दिसले तर तुमच्या जुन्या अकाउंटमध्ये एखादं प्रोफाइल किंवा सेटिंग अजून अडकलेलं आहे. तिथेही बिघडलेले दिसले तर दुसरा मॉनिटर आणि दुसरी केबल लावून बघा, त्याच क्रमाने.